चार जीबी खरी, पण कुठली? नव्या गेमिंग लॅपटॉपची ग्राफिक्स मेमरी अशी तपासा

गोव्यात लॅपटॉप खरेदीचे दोन हंगाम. एक कॉलेजं सुरू होतानाचा, भर पावसातला. दुसरा चवथीच्या सुमाराचा, जेव्हा ऑनलाइन सेल आणि दुकानांतल्या ऑफर एकदमच अंगावर येतात. फर्मागुडीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालेला मुलगा घरी सांगतो की कॅडसाठी (संगणकावरच्या आराखड्यांसाठी) ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप लागतो. ते खोटं नसतंच, फक्त अर्धं असतं. उरलेलं अर्धं रात्री जेवणं उरकल्यावर हेडफोन लावून चालतं. पणजीत अठरा जून रस्त्यावर घ्या, म्हापशात घ्या, मडगावात घ्या नाहीतर घरबसल्या मागवा, खोक्यावरची ओळ बहुधा तीच: ‘४ जीबी ग्राफिक्स’ किंवा ‘६ जीबी ग्राफिक्स’. ही मेमरी कुठल्या प्रकारची, ते पुष्कळदा खोक्यावर नसतं. दुकानातल्या काकांना विचारावं तर उत्तर येतं, “अरे बाबा, गेमिंगचाच आहे, सगळं चालतं ह्याच्यावर.”

पहिल्यांदाच असा लॅपटॉप घेतलेल्यांसाठी ही माहिती आहे. स्क्रू काढायचा नाही, पैसे लागत नाहीत, चहा निवेपर्यंत काम होतं. पण एक अट आहे. लॅपटॉप हातात आल्यावर हे लवकरात लवकर करायचं, कारण ग्राफिक्सची मेमरी मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. साधी रॅम बहुधा पुढे वाढवता येते, एसएसडी बदलता येते, ही मात्र जी आली ती शेवटपर्यंत. चुकीची निघाली तर इलाज एकच, परत किंवा बदली, आणि त्याची मुदत मोजक्या दिवसांची असते.

एकाच नावाखाली दोन वस्तू

ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या मेमरीला व्हीरॅम म्हणतात. गेममधल्या भिंती, झाडं, गाड्या, चेहरे यांची चित्रं तिथे भरलेली असतात आणि कार्डाचा प्रोसेसर ती तिथून सतत उचलत असतो. किती जीबी आहे त्यावरून किती माल मावेल ते ठरतं. तो माल किती वेगाने हलेल, ते मेमरीचा प्रकार आणि बसची (मेमरी आणि प्रोसेसर यांच्यामधल्या वाटेची) रुंदी या दोन गोष्टींवर ठरतं. जाहिरातीत जीबी मोठ्या अक्षरांत येतात, वेगाचं बहुतेक वेळा काही येतच नाही.

ही शंका काढण्याला कारणं आहेत. एनव्हीडिया या ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या कंपनीचं जीटीएक्स १६५० हे कार्ड एप्रिल २०१९ मध्ये आलं तेव्हा त्यात जीडीडीआर५ मेमरी होती. (नुसती डीडीआर म्हणजे साधी रॅम, ग्राफिक्ससाठी बनवलेली वेगवान ती जीडीडीआर, आणि पुढचा आकडा पिढीचा.) २०२० मध्ये तेच नाव ठेवून जीडीडीआर६ ची आवृत्ती निघाली. नावात काही फरक नाही, जीबीही चारच. त्यामुळे एकाच मालिकेतले दोन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले तरी स्टिकर बघून काही कळत नसे. लॅपटॉपमधल्या ९४० एमएक्स कार्डाच्या डीडीआर३ आणि जीडीडीआर५ अशा दोन आवृत्त्या होत्या, एमएक्स ४५० च्या जीडीडीआर५ आणि जीडीडीआर६ अशा दोन. सगळ्यांत वाईट उदाहरण डेस्कटॉपच्या जीटी १०३० चं. २०१७ मध्ये ते जीडीडीआर५ सह आलं, तेव्हा मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबी होता. पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर४ ची आवृत्ती आली आणि तिचा वेग होता १६.८ जीबी. जवळजवळ एक तृतीयांश, आणि खोक्यावर नाव तेच.

आज नवाकोरा आरटीएक्स (एनव्हीडियाच्या नव्या कार्डांचं नाव) लॅपटॉप घेतला असेल तर प्रकाराच्या बाबतीत फसगतीची भीती कमी आहे. आरटीएक्सच्या २०, ३० आणि ४० मालिकांच्या लॅपटॉप कार्डांत जीडीडीआर६ असते, ५० मालिकेच्या लॅपटॉपांत जीडीडीआर७. (इथेही एक गंमत आहे. आरटीएक्स ५०५० लॅपटॉपमध्ये जीडीडीआर७ घेऊन येतं आणि डेस्कटॉपवर त्याच नावाचं कार्ड जीडीडीआर६ घेऊन. म्हणून डेस्कटॉप कार्डाची माहिती वाचून लॅपटॉपवाल्याशी वाद घालायला जाऊ नये.) स्वस्तातला जुना साठा, जीटीएक्स किंवा एमएक्स नावाची कार्डं आणि वापरलेले लॅपटॉप यांच्या बाबतीत मात्र तपासणी टाळू नका.

सुरू करण्याआधी

आधी तुम्हाला काय देऊ केलं होतं ते हातात ठेवा. ऑनलाइन मागवला असेल तर उत्पादनाचं पान पीडीएफ करून ठेवा, शक्यतो ऑर्डरच्या दिवशीच, कारण पानं बदलतात. दुकानातून घेतला असेल तर जीएसटीचं बिल बघा. त्यावर नुसतं मालिकेचं नाव असून चालणार नाही, पूर्ण मॉडेल क्रमांक आणि सिरियल नंबर हवा. मालिकेच्या नावापुढे जो लांबलचक अक्षरांचा आणि आकड्यांचा शेपूट असतो, फरक त्यातच दडलेला असतो. हाच क्रमांक लॅपटॉपच्या पोटावरच्या स्टिकरवर आणि खोक्यावरच्या लेबलवर असतो. तिन्ही ठिकाणचा जुळतो का, ते पाहायला मिनिटभर लागतो.

खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढाच. जून ते सप्टेंबरमध्ये कुरियरचं खोकं ओलं होऊन आलं तर फोडायच्या आधी चारी बाजूंनी फोटो घ्या. एसी गाडीतून किंवा एसी दुकानातून थंडगार झालेला लॅपटॉप घरच्या दमट हवेत आणला तर लगेच सुरू करू नका. आत दव धरू शकतं, तासभर तसाच राहू द्या.

त्यानंतर चार्जर लावा. हे नुसतं सोय म्हणून नाही. बॅटरीवर असताना लॅपटॉप ग्राफिक्स कार्डाला झोपवतो किंवा त्याचा वेग आवळतो, आणि मग दिसणारे आकडे बुचकळ्यात पाडतात. विंडोजचे अपडेट होऊ द्या, एनव्हीडियाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) आला आहे का ते बघा. अपडेट चालू असताना वीज गेली तर घाबरायचं कारण नाही, बॅटरी आहे. वाय-फाय मात्र जाईल, तेव्हा फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवा.

पहिली जागा: एनव्हीडिया कंट्रोल पॅनेल

ही सगळ्यांत सोपी वाट. बाहेरून काही उतरवून घ्यावं लागत नाही, म्हणून दुकानात उभं राहूनसुद्धा करता येते. डेस्कटॉपवर रिकाम्या जागी उजवं क्लिक करा. विंडोज ११ असेल तर ‘शो मोअर ऑप्शन्स’ वर जा, मग ‘एनव्हीडिया कंट्रोल पॅनेल’ दिसेल. तिथे नसेल तर स्टार्टमध्ये शोधा. तरीही सापडलं नाही तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेता येतं.

पॅनेल उघडलं की खाली डाव्या कोपऱ्यात ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ अशी बारीक अक्षरांतली ओळ आहे. तिच्यावर क्लिक केलं की छोटी खिडकी उघडते. त्यातल्या ‘डिस्प्ले’ टॅबमध्ये उजवीकडे लांब यादी असते, ती खाली सरकवत जा. यातल्या चार ओळी कागदावर उतरवा किंवा फोटो घ्या.

‘मेमरी डेटा रेट’, म्हणजे मेमरीच्या एकेका तारेवरून सेकंदाला किती गिगाबिट जातात. ‘मेमरी इंटरफेस’, म्हणजे बसची रुंदी, ६४, ९६, १२८ बिट वगैरे. ‘मेमरी बँडविड्थ’, म्हणजे या दोन्हींचा मिळून निघालेला एकूण वेग. आणि ‘डेडिकेटेड व्हिडिओ मेमरी’. उत्तर या शेवटच्या ओळीत आहे. तिथे ‘४०९६ एमबी जीडीडीआर६’ किंवा ‘४०९६ एमबी जीडीडीआर५’ असं सरळ लिहिलेलं असतं.

खरं म्हणजे बहुतेकांचं काम इथेच संपतं. तरीही दुसऱ्या साधनाने खात्री करून घ्यावी, कारण उद्या तक्रार करायची वेळ आली तर एका पुराव्यापेक्षा दोन बरे.

दुसरी जागा: जीपीयू-झेड

टेकपॉवरअप या संकेतस्थळाचं हे छोटंसं मोफत साधन. त्यांच्याच संकेतस्थळावरून घ्या. शोधात वर येणाऱ्या कुठल्याही ‘डाउनलोड’ बटणावर क्लिक करू नका, नाहीतर मेमरी तपासायला जाल आणि घरात नको ते पाहुणे घ्याल. पहिल्यांदा उघडताना ते विचारतं की इन्स्टॉल करू का. नको म्हटलं तरी चालतं, न बसवताही ते काम करतं.

खिडकी उघडल्यावर कुठलाही आकडा वाचायच्या आधी अगदी तळाची उघडणारी पट्टी बघा. नवख्यांची नव्वद टक्के घबराट या पट्टीमुळेच होते. गेमिंग लॅपटॉपमध्ये बहुधा दोन ग्राफिक्स असतात. एक प्रोसेसरच्या आतलं, इंटेलचं किंवा एएमडीचं, आणि दुसरं खरं गेमिंगचं. जीपीयू-झेड कधी कधी पहिलंच समोर धरतं. प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते साधी रॅमच वापरतं, म्हणून तिथे मेमरीचा प्रकार डीडीआर४ किंवा डीडीआर५ दिसतो. तो बघून “मला डीडीआर४ चं कार्ड चिकटवलं!” म्हणून दुकान गाठलेली मुलं असतात. पट्टीतून एनव्हीडियाचं (किंवा एएमडीचं रेडिऑन आरएक्स) कार्ड निवडा, मग वाचायला लागा.

‘मेमरी टाइप’ पुढे प्रकार आणि कंसात मेमरी बनवणाऱ्याचं नाव असतं, सॅमसंग, मायक्रॉन किंवा हायनिक्स. या नावावरून दर्जाचा वाद घालण्यात अर्थ नाही, एकाच मॉडेलच्या दोन नगांत वेगळी नावं येऊ शकतात. शेजारी ‘बस विड्थ’, ‘मेमरी साइझ’ आणि ‘बँडविड्थ’ या ओळी आहेत. पॅनेलमधून उतरवून घेतलेल्या आकड्यांशी त्या जुळायला हव्यात.

रकाने रिकामे दिसले तर कार्ड झोपलेलं आहे. चार्जर लावलाय ना ते बघा, एखादा गेम सुरू करा किंवा ‘बस इंटरफेस’ च्या ओळीशेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून तिथली छोटी चाचणी चालू करा. कार्ड जागं होतं. मग वर उजवीकडे कॅमेऱ्याचं चिन्ह आहे, त्यातून चित्र जतन करा. टास्कबारवरची तारीख दिसेल असं सगळ्या पडद्याचं एक चित्रही घेऊन ठेवा.

ज्यांना जीपीयू-झेड नको त्यांना एचडब्ल्यूइन्फो आहे. तिथे ग्राफिक्स कार्डाच्या माहितीत मेमरीचा आकार, प्रकार आणि बनवणारा हे एकाच ओळीत मिळतं.

आकडे वाचताना

इथे थोडं थांबतो, कारण साधन उघडणं सोपं आहे, वाचणं नाही.

पहिला चकवा क्लॉकचा, म्हणजे मेगाहर्ट्‌झमध्ये दाखवलेल्या वेगाचा. जीपीयू-झेडमध्ये जीडीडीआर५ वाल्या १६५० ची मेमरी २००० मेगाहर्ट्‌झ दाखवते आणि जीडीडीआर६ वाल्याची १५००. ज्याच्या वाट्याला १५०० आलं त्याला वाटतं आपण गंडलो. प्रत्यक्षात उलटं आहे. जीडीडीआर५ मध्ये त्या आकड्याला ४ ने गुणायचं असतं आणि जीडीडीआर६ मध्ये ८ ने. म्हणजे पहिली ८ गिगाबिट, दुसरी १२ गिगाबिट. त्यात आणखी भर म्हणजे एमएसआय आफ्टरबर्नरसारखी साधनं हाच वेग वेगळ्या मापाने दाखवतात, तिथे पहिली साधारण ४००० आणि दुसरी साधारण ६००० दिसते. म्हणून मेगाहर्ट्‌झचा आकडा मित्राच्या आकड्याशी ताडून बघू नका. दोघांनी एकाच साधनात आणि एकाच प्रकारच्या मेमरीवर पाहिलं असेल तरच त्या तुलनेला अर्थ आहे.

तुलना करायचीच असेल तर बँडविड्थची करा. तिचा हिशोब सोपा आहे: बसची रुंदी गुणिले डेटा रेट, भागिले ८. जीडीडीआर५ चं १६५०: १२८ गुणिले ८, भागिले ८, म्हणजे सेकंदाला १२८ जीबी. जीडीडीआर६ चं १६५०: १२८ गुणिले १२, भागिले ८, म्हणजे १९२ जीबी. आठाने भागायचं कारण आठ बिटांचा एक बाइट. पॅनेलमध्ये १९२.०३ असं काही दिसलं तर दशांशाकडे दुर्लक्ष करा.

आता दुसरा चकवा, आणि माझ्या मते हाच जास्त महागात पडतो. प्रकार नवा म्हणजे वेग जास्त, असं समजून लोक निश्चिंत होतात. आरटीएक्स २०५० घ्या. मेमरी जीडीडीआर६, डेटा रेट १४ गिगाबिट, ऐकायला १६५० पेक्षा सरस. पण बस फक्त ६४ बिटांची. हिशोब केला की ११२ जीबी निघतात, जुन्या जीडीडीआर५ वाल्या १६५० पेक्षाही कमी. मांडवीवरच्या पुलावर गाड्या कितीही जोरात सोडल्या तरी लेन निम्म्या केल्या तर पलीकडे किती पोचतील, तसंच हे. एएमडीच्या आरएक्स ६५०० एमचंही असंच: बस ६४ बिटांची, पण मेमरी १८ गिगाबिटांची, म्हणून १४४ जीबीपर्यंत पोचते. आरटीएक्स ४०५० लॅपटॉपची बस ९६ बिट, डेटा रेट १६, म्हणजे १९२. आरटीएक्स ४०६० लॅपटॉपची १२८ बिट, १६, म्हणजे २५६.

बारकाईने बघणारा इथे विचारेल, ४०५० आणि जीडीडीआर६ चं १६५० दोन्ही १९२, मग दोन्ही सारखीच का? नाहीत. नव्या कार्डांच्या प्रोसेसरच्या आत कॅशे (त्याची अगदी हाताशीची मेमरी) मोठी असते, त्यामुळे मेमरीकडे धाव कमी घ्यावी लागते, आणि प्रोसेसरही कितीतरी ताकदवान आहे. बँडविड्थची तुलना एकाच कार्डाच्या दोन आवृत्त्यांत करायची, किंवा जाहिरातीत दिलेल्या आकड्याशी. तिच्या जोरावर वेगवेगळ्या पिढ्यांची कुस्ती लावायची नाही.

१६५० पुरतं सांगायचं तर जीडीडीआर६ ची आवृत्ती सरस खरी, पण दीडपट बँडविड्थ म्हणजे दीडपट फ्रेम (गेममध्ये सेकंदाला दिसणारी चित्रं) असं होत नाही. डेस्कटॉपवर जीडीडीआर६ देताना कार्डाच्या प्रोसेसरचा वेग थोडा खाली आणला होता, बूस्ट (जोर लावल्यावरचा वेग) १६६५ मेगाहर्ट्‌झवरून १५९० वर. एका हाताने दिलं, दुसऱ्याने थोडं काढून घेतलं. तेव्हा ठरलेल्या किमतीत चांगला मिळालेला लॅपटॉप केवळ जीडीडीआर५ निघाला म्हणून रडत बसायचं कारण नाही. सांगितलं एक आणि दिलं एक, असं झालं असेल तर गोष्ट वेगळी.

जिथे उत्तर मिळत नाही

टास्क मॅनेजर सगळ्यांना ठाऊक असतो म्हणून लोक तिथेच जातात. ‘परफॉर्मन्स’ मध्ये जीपीयू ० आणि जीपीयू १ दिसतात. ‘डेडिकेटेड’ म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, ‘शेअर्ड’ म्हणजे गरज पडल्यास साध्या रॅममधून उसनी घेता येईल ती, बहुधा रॅमच्या निम्मी. दोन्हींची बेरीज करून १२ जीबीचं कार्ड मिळालं म्हणून खूश होऊ नका. प्रकार तिथे दिसत नाही. विंडोजच्या डीएक्सडायग या साधनातही नाही. आणि लॅपटॉपवर तळहात टेकतो तिथे चिकटवलेल्या स्टिकरवर ‘१६ जीबी डीडीआर५’ लिहिलेलं असतं ती साधी रॅम, तिचा जीडीडीआर५ शी काही संबंध नाही. नावं सारखी वाटतात म्हणून हा घोळ फार होतो, आणि काही विक्रेते तो होऊ देतात.

एएमडीचं कार्ड असेल तर एनव्हीडियाचं पॅनेल अर्थातच नसणार. ‘एएमडी सॉफ्टवेअर अॅड्रेनलिन एडिशन’ उघडा, वरच्या दातेरी चाकावर क्लिक करा, ‘सिस्टिम’ मध्ये जा. हार्डवेअरच्या तपशिलात मेमरीचा प्रकार, आकार आणि बँडविड्थ मिळते. जीपीयू-झेड तर दोन्हींना चालतं.

तिथेच असताना वॅटही बघून घ्या

मेमरीचा प्रकार बघायला आलात, पण आरटीएक्स ३० मालिकेपासून पुढचा लॅपटॉप असेल तर कंट्रोल पॅनेलच्या त्याच ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ खिडकीत ‘मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर’ अशी ओळ असते, म्हणजे कार्डाला जास्तीत जास्त किती वीज मिळू शकते ते. वीज कमी तर ताकद कमी. तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. एनव्हीडिया लॅपटॉप बनवणाऱ्यांना मोठी मोकळीक देते. आरटीएक्स ३०५० ला ३५ ते ८० वॅट, ४०५० आणि ४०६० ला ३५ ते ११५ वॅट. म्हणजे पातळ, देखण्या लॅपटॉपमधलं ४०६० आणि जाडजूड लॅपटॉपमधलं ४०६० ही नावापुरतीच भावंडं. आजच्या लॅपटॉपांत खरी तफावत मेमरीच्या प्रकारापेक्षा या वॅटांत जास्त आहे, असं माझं मत. जाहिरातीत वॅट लिहिले असतील तर हा आकडाही जुळवून बघा.

त्यानंतर एखादा गेम वीस मिनिटं चालवा आणि जीपीयू-झेडच्या ‘सेन्सर्स’ टॅबवर नजर ठेवा. काही काम नसताना मेमरी क्लॉक अगदी खाली पडलेला असतो, तो दोष नव्हे. गेम चालू झाल्यावर तो वर जाऊन स्थिर राहायला हवा. खेळताना तो वारंवार पडत असेल तर आधी चार्जर मूळ खोक्यातलाच आहे ना, लॅपटॉप गादीवर तर ठेवला नाही ना, हे बघा. मे महिन्यात दुपारी पंख्याखाली केलेली चाचणी आणि डिसेंबरातल्या रात्रीची चाचणी यांत तापमानाचा फरक पडणारच.

जुळलं नाही तर

आधी शांतपणे ठरवा की तुम्हाला नेमकं काय देऊ केलं होतं. पानावर किंवा बिलावर ‘४ जीबी जीडीडीआर६’ असं लिहिलं असेल आणि पडद्यावर जीडीडीआर५ असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. नुसतंच ‘४ जीबी’ लिहिलं असेल तर कायद्याने फारसं काही हाती लागणार नाही, तोंडी आश्वासन सिद्ध करणं कठीण. तरीही बदलीच्या मुदतीत असाल तर विचारून बघायला काय जातं?

दुकानात जाताना लॅपटॉप, चार्जर, खोकं, आतला थर्मोकोल, बिल सगळं न्या. सिस्टिम इन्फर्मेशनची खिडकी त्यांच्यासमोरच उघडून दाखवा. आवाज चढवू नका, गोव्यात निम्मी कामं ओळखीने आणि उरलेली गोड बोलण्याने होतात. पण त्याच संध्याकाळी ईमेलही पाठवा: बिल क्रमांक, सिरियल नंबर, काय लिहिलं होतं, काय निघालं, दोन्ही चित्रं, आणि तुम्हाला काय हवं, बदली की पैसे परत. फोनवरच्या “बघतो, उद्या कळवतो” ला कागदावर किंमत नसते आणि मुदतीचे दिवस त्यातच सरतात.

ऑनलाइन घेतला असेल तर अॅपमधूनच तक्रार नोंदवा, आणि तक्रारीचं कारण निवडताना ‘वर्णनाशी जुळत नाही’ अशा अर्थाचा पर्याय निवडा. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. फोन करताना कागद समोर ठेवा.

त्याच्याही पुढे जायचं तर जिल्हा ग्राहक आयोग. उत्तर गोवा आणि दक्षिण गोवा असे दोन वेगळे आहेत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात नवखा ग्राहक सहसा न वाचणारी एक मोठी सोय आहे. विक्रेता बेंगळुरूचा असो की दिल्लीचा, तक्रार तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगाकडे करता येते. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर दाखल करायला शुल्क नाही, ऑनलाइनही दाखल करता येते, आणि मुदत दोन वर्षांची. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तरी खरं सांगायचं तर लॅपटॉपच्या मेमरीसाठी इथवर जाण्याची वेळ फार थोड्यांवर येते. पुरावे नीट असले की विक्रेता बहुधा ईमेलवरच नमतं घेतो.

वापरलेला लॅपटॉप घेत असाल तर हा सगळा क्रम उलटा करा: आधी तपासणी, मग पैसे. विकणाऱ्याला भेटल्यावर त्याच्याच हाताने कंट्रोल पॅनेल उघडायला लावा, सिरियल नंबर पोटावरच्या स्टिकरशी जुळवा आणि चार्जर लावून गेम चालवून बघा. “घरी गेल्यावर बघा, काही असलं तर सांगा” म्हणणाऱ्याकडून लॅपटॉप घेऊ नये.

बदली मिळाली तर नव्या नगावर हीच तपासणी त्याच दिवशी पुन्हा करा. आणि जीपीयू-झेडचं चित्र बिलासोबत स्वतःलाच ईमेल करून ठेवा. पुढे वॉरंटीत मदरबोर्ड बदलला गेला तर ग्राफिक्स कार्ड आणि त्याची मेमरीही त्याच्याबरोबर बदलते. लॅपटॉप सर्व्हिस सेंटरमधून ताब्यात घेताना, काउंटरवर सही करायच्या आधी, सिस्टिम इन्फर्मेशन उघडा आणि जुन्या चित्राशी चारही ओळी जुळवून बघा.